मसाल्याचं दुकान वहीवरून कॉम्प्युटरवर आणि मग ऑनलाइन: क्रम कसा ठेवावा?

गिरगाव_काउंटर

नमस्कार मंडळी. गिरगावात मसाले, पापड, पिठं, भाजणी, लोणची असं दुकान आहे. वस्तू साधारण ३००, त्यातल्या निम्म्या सुट्याही विकल्या जातात आणि पाकिटातही. बिल हाताने, उधारी वहीत, काउंटरवर यूपीआयचा क्यूआर. जीएसटी नंबर आहे, पण कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत. फूड लायसन्स चालू आहे. कामाला दोघे, त्यातले एक काका ५८ वर्षांचे, सगळे भाव त्यांना तोंडपाठ.

उन्हाळी मसाल्यांची गर्दी ओसरली आहे. दिवाळीच्या फराळाच्या मालाआधी तीनेक महिने हातात आहेत. आधी बिलिंग सॉफ्टवेअर घ्यावं की थेट एखाद्या ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवर माल टाकावा? बिल मराठीत छापता येतं का? पुणे, गोवा, बंगळुरूहून फोनवर मागणी येते, ती पाठवायला कंपोझिशन चालतं का?

हिशेबनीस

आधी वस्तूंची यादी. सॉफ्टवेअरसुद्धा त्यानंतर. टॅली, व्यापार, मार्ग यांतलं कुठलंही बिलिंग सॉफ्टवेअर घ्या, यादी कच्ची असेल तर तिन्हींत सारखाच घोळ होतो.

एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे विकायचं एक पाकीट. गोडा मसाला १०० ग्रॅम, २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम या तीन ओळी झाल्या, म्हणजे तुमच्या ३०० वस्तूंच्या ५०० ते ६०० ओळी सहज होतील. रकाने असे: चार आकडी कोड, मराठी नाव, इंग्रजी लिपीत नाव, वजन, खरेदी किंवा बनवण्याचा खर्च, एमआरपी, एचएसएन (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक), कराचा दर, किती दिवस टिकतं. इंग्रजी लिपीतलं नाव कंटाळा करून सोडू नका, बरीच गिऱ्हाइकं फोनवर त्याच लिपीत शोधतात. जुनी भावपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर एक्सेलमध्ये नुसती अगम्य अक्षरं दिसतील.

आता जिथे बहुतेक दुकानं फसतात ते सांगतो. बेसनाचं ५० किलोचं पोतं आलं, खरेदीत ५० किलो चढले. पोतं फोडून ५०० ग्रॅमची ९८ पाकिटं भरली, उरलेला किलोभर सांडलं-उडालं. बिल पाकिटांचं होतं. पोतं ते पाकीट ही नोंद केली नाही तर महिन्याअखेर कॉम्प्युटर म्हणतो पोतं जसंच्या तसं आहे आणि पाकिटं उणे ९८. टॅलीत या नोंदीला स्टॉक जर्नल म्हणतात, बाकीच्यांत रिपॅकिंग किंवा उत्पादन. पाकिटं भरणाऱ्यानेच त्या दिवशी चिठ्ठीवर पोतं, पाकिटं आणि तूट लिहायची आणि संध्याकाळी ती चिठ्ठी चढवायची. ही सवय लागेपर्यंत पोर्टलचं नाव काढू नका. स्टॉक खोटा असेल तर नसलेल्या मालाची ऑर्डर लागते, ती रद्द करावी लागते, आणि रद्द ऑर्डरी वाढल्या की पोर्टल तुम्हाला यादीत खाली ढकलतं.

पहिल्या दिवशी सगळं चढवायचा हट्टही नको. रोज हलणाऱ्या ६० ओळी आधी. १५ दिवस हाताचं बिल आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवा, रात्री गल्ला दोन्हींशी जुळवा. फरक आला की त्याच रात्री शोधा; तीन दिवसांनी तो सापडत नाही. यूपीआयचे पैसे बँकेत एकत्रित रकमेने जमा होत असतील तर ताळा बँकेच्या आकड्याशी न घालता क्यूआर देणाऱ्याच्या ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीशी घाला. आणि सकाळी दुकान उघडताच स्वतःच्या फोनवरून क्यूआर स्कॅन करून नाव बघा. त्यावर दुसराच स्टिकर चिकटवून जाण्याचे प्रकार होतात.

छापखाना_परळ

मराठी बिल नक्की छापता येतं, पण प्रिंटर घेण्याआधी दुकानदारासमोर छापून बघा. स्वस्त थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणारे) प्रिंटर अक्षरं स्वतःच्या मेमरीतून छापतात आणि त्यात देवनागरी नसते, म्हणून बिलावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. उपाय असा की सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट मोड बंद करून ग्राफिक मोडने, म्हणजे चित्र म्हणून छापायचं. छपाई थोडी हळू होते, पण जोडाक्षरं नीट येतात. चाचणीला 'कांदा-लसूण चटणी', 'उपवासाची भाजणी', 'ज्वारीचं पीठ' ही तीन नावं द्या. 'ज्वा' फुटला नाही तर बाकीचं चालेल.

रोल ८० मिलिमीटरचा घ्या. ५८ च्या रोलवर इंग्रजीची ३२ अक्षरं एका ओळीत बसतात. त्यात मराठी नाव, वजन, भाव आणि रक्कम कोंबली की नाव तुटतं.

पाकिटावरच्या लेबलचा प्रिंटर वेगळा, आणि इथे मसाल्याच्या दुकानाने विशेष जपायचं. डायरेक्ट थर्मल, म्हणजे रिबनशिवाय छापलेलं लेबल उष्णतेने आणि तेलाने पुसट होतं. चटणीचा तेलकट हात दोनदा फिरला की एक्स्पायरीची तारीख गायब. पाकिटासाठी रिबनवाला म्हणजे थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर आणि प्लास्टिकचं लेबल घ्या. पार्सलवरचं ४ × ६ इंची लेबल चार-आठ दिवसांचं सोबती, तिथे साधं डायरेक्ट थर्मल पुरतं. पावसाळ्यात लेबलचे रोल बंद डब्यात ठेवा, मुंबईच्या दमट हवेत कडा सुटतात.

बारकोड दुकानापुरता तुमच्या चार आकडी कोडचाच करा. बरीच पोर्टलं मात्र जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून मिळणारा, ८९० ने सुरू होणारा नंबर मागतात. स्वस्तात विकत मिळणारे कुणाचे तरी जुने नंबर घेऊ नका. ते दुसऱ्याच मालाच्या नावावर निघाले तर तुमची नोंद काढून टाकतात.

कर_सल्ला_दादर

कंपोझिशनचं उत्तर स्पष्ट आहे. पुण्याला पाठवा, गोव्याला आणि बंगळुरूला नाही. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला राज्याबाहेर माल विकता येत नाही, मग ऑर्डर पोर्टलवरून येवो की व्हॉट्सॲपवरून. राज्यातल्या राज्यात पोर्टलवरून विकायला कंपोझिशनवाल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवानगी आहे. त्यामुळे सुरुवात महाराष्ट्रापुरती ठेवली तर आज काहीच बदलायला नको.

राज्याबाहेर जायचंच असेल तर रेग्युलरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या नेहमीच्या नोंदणीत या. बदलाच्या आदल्या दिवशी हातात जो माल शिल्लक आहे त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण त्यासाठी आयटीसी-०१ हा फॉर्म ३० दिवसांत भरावा लागतो आणि खरेदीची बिलं वर्षाच्या आतली लागतात. म्हणजे वर हिशेबनीसांनी सांगितलेली स्टॉकची नोंद इथे रोख पैशांत कामाला येते. ती नोंद नसेल तर वजावट हातची जाते.

रेग्युलरमध्ये आलात की सुटं आणि पाकीटबंद यांतला फरक सांभाळा. सुटं बेसन करमुक्त, तेच लेबल लावून पाकीटबंद केलं की ५ टक्के. म्हणून यादीत या दोन वेगळ्या ओळी हव्यात. पोर्टल तुमच्या विक्रीवर ०.५ टक्का जीएसटीचा टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशांतूनच आगाऊ वळता केलेला कर कापतं. तो आपोआप मिळत नाही, जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन स्वीकारावा लागतो, मग तो कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या तुमच्या रोख खात्यात येतो. अनेकांचे पैसे तिथे नुसते पडून असतात.

पाकिटावर काय हवं तेही बघून घ्या: नाव-पत्ता, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, बॅच, तारखा, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरवं चिन्ह, १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे फूड लायसन्सचा नंबर. आणि एककाचा भाव, जो बहुतेकजण विसरतात: १८० रुपयांच्या २०० ग्रॅम पाकिटावर 'प्रति ग्रॅम ०.९० रुपये'. यातलं बहुतेक सगळं पोर्टलच्या पानावरही दिसावं लागतं. स्वतः पाकिटं भरता म्हणजे वैधमापन शास्त्र (वजन-मापं) खात्याकडे पॅकर म्हणूनही नोंदणी हवी.

गिरगाव_काउंटर

खूप आभार. पोतं-पाकिटाची चिठ्ठी उद्यापासून सुरू करतो. आणखी एक विचारतो. पोर्टलवर दुकानाच्याच भावात विकलं तर परवडेल का? कमिशन वजा जाता काही उरतं का?

पार्सल_हिशोब

एकेक पाकीट विकलंत तर नाही. गणित मांडून दाखवतो. कमिशन आणि कुरिअरचे आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या दरपत्रकाचे त्यात घाला.

२०० ग्रॅम गोडा मसाला, १८० रुपये. रेग्युलरमध्ये आहात असं धरलं तर त्यात ५ टक्के कर ८.५७. कमिशन १५ टक्के धरलं तर २७. कुरिअर ५५, खोका-टेप १२, माल ११०. बेरीज केलीत तर सुमारे ३३ रुपये घाटा. तेच पाच पाकिटांचा ९०० रुपयांचा संच केलात: कर ४२.८६, कमिशन १३५, कुरिअर ९०, पॅकिंग २५, माल ५५०. उरले सुमारे ५७.

पण पुढे बघा. दहापैकी एक पार्सल फुटून परत आलं तर येण्याजाण्याचे १८०, पॅकिंगचे २५ आणि मालाचे ५५० मिळून ७५५ गेले. बाकीच्या नऊ पार्सलांचा नफा ५१३. म्हणजे कमिशनपेक्षा खोका आणि सील यांच्यावर जास्त लक्ष द्यायला हवं. पाकीट ॲल्युमिनियमच्या थराचं, सील किमान ८ ते १० मिलिमीटर रुंद. भरताना मसाल्याची पूड सीलच्या जागी बसली की ते वरून बंद दिसतं आणि खोक्यात दाबाने सुटतं, म्हणून नरसाळ्याने भरा, कड कोरड्या फडक्याने पुसा, मगच सील मारा. तयार पाकीट तळहातांत जोरात दाबून बघा. हवा सुटली तर परत भरा.

खोक्याचं मापही बघा. कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनाशी तुलना करून जे जास्त त्याचे पैसे लावतात. पाच पाकिटं ३० × २२ × १२ च्या खोक्यात टाकलीत तर १.५८ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्याने २ किलोचा दर. २५ × १८ × १० च्या खोक्यात मापाचं वजन ०.९, खरं वजन सव्वा किलोच्या आत, दर दीड किलोचा. प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, खोक्याला मोजायची टेप लावून फोटो काढा. जास्त वजन लावलं तर तक्रारीत तोच पुरावा चालतो.

म्हणून दिवाळीपर्यंत माझा सल्ला असा: पोर्टलवर फक्त १२ ते १५ वस्तू, त्याही संचाने, आणि पापड-कुरडया बिलकुल नाहीत. त्या हलक्या असूनही जागा खातात आणि मोडतात. मुंबई-ठाण्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर घ्या, त्यात ५०० वस्तू बसतात आणि कमिशन नाही. संध्याकाळी चारपर्यंतच्या ऑर्डरी त्याच दिवशी, नंतरच्या दुसऱ्या दिवशी, असं ठरवून टाका. पत्त्यासोबत इमारतीचं नाव, मजला आणि पिनकोड मागितल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

हिशेबनीस

काकांबद्दल राहिलं होतं. यादी तयार झाली की सगळ्यात आधी त्यांच्यासमोर ठेवा, भाव आणि वजनं त्यांच्याकडून तपासून घ्या. कुठली वस्तू कुठल्या नावाने मागितली जाते हे त्यांनाच माहीत असतं, ती नावं यादीत पर्यायी नाव म्हणून घाला. बिल करताना कोडपेक्षा त्या नावांवरूनच वस्तू पटकन सापडते.

आणि सीपीयू जमिनीवर नको, कमरेच्या उंचीला मांडणीवर ठेवा. मुसळधार पावसात दुकानात पाणी शिरलं तर पहिला बळी तोच. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस. रोज रात्री बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन तो घरी न्या, आठवड्यातून एकदा ऑनलाइनही ठेवा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचं बिल दिसतंय का ते बघा.