पॅकेज ३ लाखाचं, हातात साडेअठरा हजार. बोलू का गुपचूप हो म्हणू?

समुद्रपूरचा_फिटर (१४ जानेवारी २०२४)

नमस्कार मंडळी. आयटीआय फिटर आहे. चार हंगामांपासून हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) मेंटेनन्सला आहे. रोलरच्या चामड्याला खाचा पाडायच्या, सुरे घासायचे, पट्टा तुटला की रात्री दोनला उठायचं. १६,००० रोख मिळतात. पीएफ नाही, पगाराची पावती नाही. त्यातूनही मालक महिन्याला दोन हजार 'हंगाम संपल्यावर देतो' म्हणून अडकवून ठेवतो. यंदाचे सहा हजार त्याच्याकडंच आहेत.

परवा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीचं लेटर आलं. वर्षाला ३ लाख! बाबानं ऐकलं अन् संध्याकाळपर्यंत पारावर बातमी, 'पोराले पंचवीस हजार लागले.' मी मागचं पान पाहिलं तर बेसिक १३,०००, घरभाडं ५,२००, प्रवासभत्ता वगैरे २,३००. झाले २०,५००. पुढं कंपनीचा पीएफ १,५६०, ग्रॅच्युइटी ६२५, कंपनीचा ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ६६७. राहिलेले महिन्याला १,६४८ 'परफॉर्मन्स'चे, ते वर्षाअखेर काम पाहून देणार.

आमचं गाव जामपासून ७ किलोमीटर. बुटीबोरीत खोली केली तर भागीदारीत अडीच हजार, खानावळीचे तीन हजार. मग जिनिंगपेक्षा कमीच उरते. एचआरच्या मॅडमनं गुरुवारपर्यंत कळवा म्हटलं. जास्त मागितले अन् त्यांनी ऑफरच मागं घेतली तर? बाबा म्हणतात, 'तोंड उघडू नको, गुपचूप हो म्हण.'

पगारपत्रकवाली

भाऊ, मी एमआयडीसीत पगारपत्रकंच बनवते. आधी हातात किती येतील ते पाहा. २०,५०० मधून तुमचा पीएफ १,५६०, ईएसआय १५४, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेले की १८,५८६ उरतात.

पीएफ 'कापला' म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या १,५६० सोबत कंपनीचेही तेवढेच भरले जातात. त्यातले बेसिकच्या ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात, बाकी पीएफमध्ये. जिनिंगमध्ये चार वर्षांत हे किती जमा झाले? शून्य. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं टिकलात तरच, म्हणून ते ६२५ सध्या विसरा.

मागताना 'पगार वाढवा' असं मोघम म्हणू नका, त्याचं उत्तर आमच्याकडं तयारच असतं: बजेट नाही. त्याऐवजी म्हणा, 'मॅडम, परफॉर्मन्सच्या रकमेतले ५०० महिन्याच्या पगारात टाकता येतील का?' कंपनीचा एकूण आकडा तोच राहतो, मग साहेबांपुढं कागद ठेवायला त्यांना जड जात नाही. पण २१,००० च्या वर मागू नका. त्यावर ग्रॉस (कापाकापीआधीचा पगार) गेला की ईएसआय सुटतो.

अन् लेटरहेड कोणाचं आहे ते बघितलं का? कंपनीचं की ठेकेदाराचं? हे आधी सांगा.

समुद्रपूरचा_फिटर

कंपनीचंच आहे ताई. तीनदा पाहिलं.

नाईटशिफ्टवाला

२१,००० चं ताई बरोबर सांगून राहिल्या, मी फसलो आहे. जुलै २०२२ मध्ये भांडून १,२०० वाढवून घेतले, ग्रॉस २१,६०० झाला. लाडू वाटले गावात! सप्टेंबरनंतर ईएसआय कापणं बंद झालं, मला वाटलं बरंच झालं, तेवढे पैसे वाचले. पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं अन् ईएसआयचं कार्ड चालेना. खासगीत ४८,००० गेले. कार्ड असतं तर नागपूरला सोमवारी पेठेतल्या कामगार रुग्णालयात फुकट झालं असतं. वर्षभराची वाढ १४,४००. करा हिशोब.

तुझे मायबाप तुझ्यावरच अवलंबून असतील तर त्यांचं नाव पहिल्याच दिवशी फॉर्मात टाकजो. आणखी एक, ओरिजिनल मार्कशीट कोणी ठेवून घेतो म्हटलं तर देऊ नको. झेरॉक्स दे. बाँड (अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार) आहे का विचार.

कास्तकार_मामा

मले ईएसआय-बिएसआय समजत नाही. पण तुह्या बाबाचं नवल वाटलं. हाच माणूस कापूस इकाले गेला की ओलाव्याच्या नावानं क्विंटलमागं पन्नास रुपये कापले तर व्यापाऱ्याशी तास-तास भांडत असंन. मूठभर कापूस त्याच्या नाकाशी धरून दाखवत असंन. अन् पोराच्या घामाच्या भावाले 'गुपचूप हो म्हण'? भाव बोलला म्हणून गाडी कोणी वापस पाठवत नाही रे बावा. ते तीन लाख म्हणजे फळ्यावरचा भाव. हमाली-तोलाई कापून पट्टीवर काय येते तेच आपलं.

पैसे नाही वाढवले तर गाडी माग. बुटीबोरीले हिंगणघाटकडून कंपन्यांच्या बसा जातात, सकाळी जामच्या चौकात पाहाजो.

समुद्रपूरचा_फिटर (१८ जानेवारी)

केला फोन. कागदावर लिहून घेतलं होतं, तरी पहिल्या मिनिटाला घसा कोरडा पडला. मागं गोठ्यात म्हैस ओरडत होती, मॅडमनं विचारलंही, 'कुठून बोलताय?'

५०० चं सांगितलं. त्यांनी होल्डवर ठेवलं. दोन मिनिटं नुसती पिपाणी वाजत होती, वाटलं गेली नोकरी. मग म्हणाल्या, होईल, ग्रॉस २१,००० करून नवं लेटर पाठवते. हातात १९,०८२ येतील (हिशोब मीच केला, ताई तपासून द्या). बाँड नाही. जॉइनिंग १ फेब्रुवारीऐवजी १ मार्चला मागितली, जिनिंगवाल्याकडचे पैसे काढायचे म्हणून. खरं कारण नाही सांगितलं, 'घरी तुरीची सोंगणी आहे' म्हटलं. तेही खोटं नाहीच. ती मिळाली.

बस हिंगणघाटहून येतेच, जामला थांबवतील. पण पहिल्या अन् जनरल पाळीलाच. दुसऱ्या पाळीला परतीची गाडी नाही, ते आठवडे नाईटशिफ्टवाले, तुमच्या खोलीवर जागा असंन तर सांगा. ५०० त्याचे धरा.

बाबाला खरा आकडा सांगितला. बराच वेळ खुंट्याला दोरी बांधत राहिले. मग म्हणाले, 'आता पंचवीस वापस कसे घ्याचे? थांब, कंपनीची गाडी घ्याले येते, थे सांगतो.'

नाईटशिफ्टवाला

ये. गादी तुही आणजो.