अर्धशिशी पोटात असते का? गोळ्या फेकायला सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

धरमपेठेतली शिक्षिका

काही आठवड्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गटावर एक मजकूर फिरला. त्यात लिहिले होते की, अर्धशिशी डोक्यात नसून पोटात असते. गोळ्या फेकून द्या, एकवीस दिवस दोन वाट्या दही आणि जवसाची चटणी खा, आतड्यांतले जंतू सुधारले की डोकेदुखी कायमची जाते. तो वाचून शेजारच्या ताईंनी रोजची प्रतिबंधक गोळी बंद केली. तेराव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा मे महिन्याच्या भर दुपारी त्यांनी कूलर बंद ठेवला होता, कारण त्याची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास दोन्ही सोसवत नव्हते. कपाळाला ओढणी घट्ट बांधून, शेजारी बादली ठेवून त्या अंधारात पडून होत्या.

मी स्वतः बावीस वर्षे हे दुखणे काढते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पोटाचा आणि अर्धशिशीचा संबंध मी नाकारत नाही. झटका आला की जठराचे काम मंदावते, पोटात गेलेली गोळी रक्तात उशिरा उतरते; म्हणूनच काहींना नाकात फवारायचे किंवा टोचून घ्यायचे औषध द्यावे लागते. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धशिशीच्या रुग्णांच्या तोंडात, आणि थोड्या प्रमाणात शौचाच्या नमुन्यांत, नायट्रेटचे (खाण्यातून येणाऱ्या एका क्षाराचे) रूपांतर करणाऱ्या जंतूंची जनुके अधिक आढळली. परंतु त्या जंतूंमुळे डोके दुखते, की डोके दुखणाऱ्यांचे खाणेपिणे बदलल्यामुळे जंतू बदलतात, हे त्यावरून ठरत नाही. शरीरातले सुमारे 90 टक्के सेरोटोनिन (मेंदूतही निरोप पोहोचवणारे एक रसायन) आतड्यांत तयार होते, हेही त्या मजकुरात मोठ्या दिमाखात दिले आहे. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे मात्र गाळले आहे. उपयुक्त जंतूंच्या पुड्यांचे म्हणाल, तर नेदरलँड्समध्ये 63 रुग्णांना बारा आठवडे देऊन ठळक फरक दिसला नाही आणि इराणमध्ये चौदा प्रकारच्या जंतूंचे मिश्रण देऊन झटके कमी झाले. एवढ्या आधारावर कुणाला गोळ्या फेकायला सांगणे मला अपराध वाटते.

महालची काकू

तुम्ही पुष्कळ वाचले आहे, हे दिसते. मी वाचलेले नाही, मी भोगलेले आहे. लग्नानंतर तीस वर्षे महिन्यातून चार-पाच वेळा माझे अर्धे डोके फुटायचे. सुंठेचा लेप लावून मी पोळ्या लाटत असे. बावन्नाव्या वर्षी मी रोज घरचे दही आणि जवसाची चटणी सुरू केली आणि आज आठ वर्षे मला त्रास नाही. याला तुम्ही काय म्हणाल?

इतवारीचा घाणेवाला

काकूंचे म्हणणे खरे आहे आणि त्याला पुरावाही आहे. अमेरिकेत 182 रुग्णांवर सोळा आठवडे झालेला प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात ओमेगा-3 (जवसातही असते ते स्निग्धाम्ल) वाढवले आणि लिनोलिक आम्ल (खाद्यतेलांतले दुसरे एक स्निग्धाम्ल) कमी केले, त्यांचे डोकेदुखीचे दिवस नेहमीचा आहार घेणाऱ्यांपेक्षा महिन्याला चारांनी कमी झाले. हे लिनोलिक आम्ल कुठून येते? घरोघरी आलेल्या रिफाइंड सोयाबीन तेलातून येते. विदर्भातल्या आपल्या आजी-आजोबांनी घाण्यावरचे जवसाचे आणि करडीचे तेल खाल्ले. आमच्या तीन पिढ्या घाण्यावर गेल्या. लोकांनी पिशवीतले तेल आणले आणि दुखणीही घरात आणली. जंतूंची चर्चा नंतर करा, आधी कढईत काय ओतता ते पाहा.

मेडिकल चौक

मी चौतीस वर्षे औषधांचे दुकान चालवले, आता निवृत्त आहे. घाणेवाले भाऊ, आपण प्रयोग अर्धाच सांगितला. त्यातल्या रुग्णांनी आपापली औषधे चालू ठेवली होती. त्यांचे ओमेगा-3 मुख्यतः माशांतले होते. जवसातले वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचे माशातल्या प्रकारात फार थोडे रूपांतर करते. शिवाय डोकेदुखीचे दिवस घटले तरी, या दुखण्याने रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो, याच्या गुणांत खात्रीलायक फरक दिसला नाही. आणि करडीचे तेल! सोयाबीन तेलात लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, तर पारंपरिक करडीच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर. घाण्यावर गाळले म्हणून ते कमी होत नाही. आपल्याच पुराव्याने चालायचे ठरवले, तर पहिली बंद करावी लागेल ती आपली करडी.

शिक्षिकाताई, शेजारणींची गोळी प्रोप्रॅनोलॉल असेल, तर ती एकदम बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. मात्र माझे खरे दुखणे वेगळे आहे. चिठ्ठीशिवाय वेदनाशामकांची पाकिटे मागणारे लोक मी रोज पाहिले. साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा दिवस आणि एकाहून अधिक औषधे असलेल्या मिश्र गोळ्या दहा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. माझी सख्खी बहीण त्यात अडकली होती आणि मला ते दोन वर्षे कळले नाही.

इतवारीचा घाणेवाला

आयुष्यभर गोळ्या विकणाऱ्याने तेल गाळणाऱ्याला शिकवावे, हे मला मान्य नाही. करडीचा आकडा मी तपासला. तो बरोबर आहे. परंतु जवसाबद्दल मी मागे हटणार नाही. आमच्याकडे जवसाचे तेल तळणासाठी नव्हतेच. गरम भाकरीवर चटणी आणि वरून कच्ची धार, असेच ते खात. ते तापवले की बिघडते, हे आम्हाला कुणी प्रयोगशाळेतून सांगावे लागले नाही.

उमरेडचा शेतकरी

जवसाचे एवढे कौतुक करणाऱ्यांनी ते पेरणाऱ्याचाही विचार करावा. माझ्या वडिलांच्या काळी रब्बीत आमच्याकडे जवस असायचा. उतारा कमी, खरेदीदार नाही, म्हणून तो गेला आणि खरिपात सोयाबीन आले. आम्ही लोकांची डोकी दुखावीत म्हणून सोयाबीन पेरत नाही. सोयाबीनला शिव्या देण्याआधी जवसाला भाव द्या.

मेडिकल चौक

गोळ्या विकल्या म्हणून माझे म्हणणे खोटे ठरत नाही आणि घाणा आहे म्हणून आपलेही ठरू नये. कच्च्या धारेला माझा विरोध नाही, ती खुशाल खावी. तिला अर्धशिशीचे औषध म्हणू नये, एवढेच माझे मागणे आहे.

धरमपेठेतली शिक्षिका

तेलावरून मूळ प्रश्न हरवला आहे. काकू, तुमचे भोगणे मी खोटे मानत नाही. मात्र पाळी गेल्यानंतर अनेक स्त्रियांची अर्धशिशी ओसरते आणि बावन्न हे त्याच सुमाराचे वय आहे. त्या वर्षी दह्याखेरीज आणखी काय बदलले, ते सांगाल का? मला स्वतःला जेवण लांबले की हमखास झटका येतो. संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेनऊला असला, तर मोदक वळतानाच माझ्या डाव्या डोळ्यापुढे नागमोडी चकाकी यायची.

महालची काकू

पाळीचे असे चारचौघांत काढलेले मला आवडले नाही आणि उपास करणाऱ्या बायकांना तुम्ही दोष द्यावा, हेही आवडले नाही. तरी विचारलेत म्हणून सांगते. त्या वर्षी सासूबाई गेल्या. तोवर सकाळी सहाला चहा घेतला, की सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर तीन वाजता मी जेवत असे. हरतालिकेला पाणीही नाही. नंतर मुलगा-सून कामावर जाऊ लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही अकराला जेवू लागले. दही त्याच ताटात आले. ते अकराच्या जेवणाने झाले की दह्याने, हे मला सांगता येणार नाही. दह्याने झाले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही.

धरमपेठेतली शिक्षिका

तसे म्हणा, असा माझा आग्रहही नाही. पाळीचा उल्लेख तुम्हाला लागला असेल, तर मी क्षमा मागते. शेजारच्या ताईंनी डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आहे. त्यांच्यासाठी मी दोनशे पानी वही आखून दिली आहे : जेवणाची वेळ, झोपेचे तास, पाणी, पाळीची तारीख, घेतलेली गोळी, डोके किती वाजता धरले आणि किती वाजता उतरले. चॉकलेट किंवा गोड खावेसे वाटले, तर तेही त्यात लिहायला सांगितले आहे, कारण पुष्कळदा तो झटका आधीच सुरू झाल्याचा संकेत असतो आणि दोष मात्र त्या खाण्याला मिळतो.

महालची काकू

त्या वहीत दह्याचा एक रकाना आखा. तीन महिन्यांनी काय निघते, ते मला कळवा.