मदत हवी आहे: तैलरंगातला विठोबा घरचा पोट्टा दिसून राहिला, वरून काळा रंग सुरकुतला

नमस्कार मंडळी,

इथे वाचतो बऱ्याच वर्षांपासून, धागा पहिल्यांदाच काढून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नागपूरचा, सक्करदऱ्याकडे राहतो, वय 49, आठवडाभर हिशेबाचं काम आणि रविवारी तैलरंग. शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, तीही बी ग्रेड. लॉकडाऊनमध्ये मुलीचे ॲक्रिलिक संपवले, तिनं बोंब मारली की बाबा आता स्वतःचे घ्या, तेव्हा ऑइल घेतले. आणि एकदा ऑइलची सवय लागली की दुसरं काही नको वाटतं कारण ते लवकर वाळतच नाही, चुकलं तर पुसा, परत लावा. मजा पण तीच अन् ताप पण तोच.

आतापर्यंतचे प्रयोग थोडक्यात. ऑफिसमधल्या मित्राला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला द्यायला बुद्ध केला, कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमधल्या चंदनाच्या मूर्तीचा फोटो समोर ठेवून. आधी सगळं करड्या रंगात आणि मग वरून पातळ रंग चढवत. बरा झाला, त्यानं हॉलमध्ये लावला. मग शेजारच्या काकूंसाठी जुन्या कॅलेंडरवरून मदर मेरी, तिची ती निळी ओढणी अल्ट्रामरीनचे तीन हात देऊन केली. जुन्या काळी युरोपात हा निळा अफगाणिस्तानातल्या दगडापासून काढत, महागडा, म्हणून मुद्दाम मेरीच्या कपड्यासाठी राखून ठेवत म्हणे. आपल्याला ट्यूबमध्ये मिळतो, नशीबच. सांगायचा मुद्दा असा की कॉपी असली की माझं जमतं. खरा माणूस समोर उभा केला की गोची होते.

आता खरी गोष्ट. आई 76 ची आहे, दर आषाढीला धापेवाड्याच्या विठोबाला जाते म्हणजे जायची, यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं. तेव्हा मी म्हटलं चल तुला विठोबा घरीच आणून देतो. दोन बाय तीन फुटाचा कॅनव्हास, गुढीपाडव्याला सुरुवात. कॅलेंडरवाला निळा विठोबा मला नको होता, आईनं जन्मभर पाहिलेला काळा पाहिजे होता. भाचा इंजिनिअरिंगला आहे, 19 वर्षांचा, त्याला माझं लग्नातलं पिवळं सोवळं नेसवलं, शेजारी बांधकाम चालू आहे तिथून दोन विटा आणल्या आणि डावीकडून खिडकीचा उजेड घेऊन उभा केला कमरेवर हात ठेवून. तो बिचारा दर दहा मिनिटाला मामा झालं का, मामा झालं का. मी स्केचेस केले, फोटो काढले, दीड महिना रंगवलं.

मग आईला दाखवलं. तिनं चष्मा वर खाली करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणे, "अरे हा तर आपला पोट्टा आहे, बर्डीवर बसची वाट पाहून राहिला." (बर्डी म्हणजे आमची सीताबर्डी.)

तेव्हापासून नाक तीनदा बदललं, डोळे मोठे केले, ओठावर थोडं हसू आणलं, गंध लावलं, तुळशीची माळ घातली. तरी पोट्टाच. आता बायकोला पण तोच दिसतो. भाच्यानं तर फोटो काढून मित्रांना पाठवला.

दुसरं म्हणजे काळा रंग. अंगाला ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक लावला, उजेडाच्या बाजूला त्यात व्हाइट मिसळत गेलो. सकाळच्या उन्हात पाहिलं तर खांद्यावर राख फासल्यासारखं दिसतं, आणि सावलीकडचा भाग डांबर. त्यातही छातीवर दोन ठिकाणी रंग मेल्यासारखा कोरडा झाला आणि पोटावर मात्र चमकतो, एकाच दिवशी एकाच ब्रशनं लावलेला!

आणि तिसरं, ज्याच्यासाठी रात्री साडेअकराला टाइप करून राहिलो. रंग वाळेना म्हणून मी दुकानवाल्याचं ऐकून हार्डवेअरमधलं डबल बॉइल जवसाचं तेल मिसळलं, जाड हात दिला, आणि मे महिन्यात नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना कॅनव्हास गच्चीवर उन्हात ठेवला दोन दुपार. झटपट वाळला. मी खूश. मग वरून बर्न्ट अंबरची, म्हणजे गडद तपकिरीची, एक पातळ सावली दिली. आता मांडीपासून खाली सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलाय आणि बोट दाबलं तर खाली मऊ लागतं, गुडघ्याजवळ बारीक भेगा पण दिसून राहिल्या. शिवाय खोलीत कूलर लावला की कॅनव्हास सैल पडतो, बंद केला की परत ढोलकीसारखा ताठ, त्याचा काही संबंध आहे का तेही सांगा.

दुकानवाला म्हणतो वार्निश मारा, सगळं एकसारखं चमकेल. मारू का? आषाढीला साडेतीन आठवडे आहेत. हे दुरुस्त होईल की नवीन घ्यावं, आणि मुख्य म्हणजे देव देवासारखा कसा दिसतो हे कुणी सांगेल का? रागवा पण सांगा.

बर्डीवाला: भाऊ, बस कोणती ते सांगा, मी पण वाट पाहून राहिलो 😄 बाकी चित्रातलं काही कळत नाही, वाचतोय.

जवसतेल: पहिले वार्निशची बाटली कपाटात ठेवा आणि चावी वहिनींकडे द्या. तैलरंग पाणी उडून जावं तसा वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला वेळ लागतो. पातळ चित्राला पण निदान सहा महिने गेल्याशिवाय शेवटचं वार्निश नको.

तुमचं काय झालं ते सांगतो. बॉइल तेलात लवकर वाळवणारे क्षार टाकलेले असतात, ते दारं-खिडक्यांसाठी असतं. त्यानं वरची कातडी आधी धरते आणि खालचं ओलंच राहतं, मग ती कातडी आकसते, म्हणून साय. वरून नागपूरचं 45 चं ऊन, काय व्हायचं ते झालं. त्यात आयव्हरी ब्लॅक हा सगळ्यात आळशी रंगांपैकी एक, भरपूर तेल पितो आणि आठवडे घेतो. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो एक-दोन दिवसात वाळून मोकळा. आळशावर चपळ बसवला तर वरचा ताठ होतो, खालचा हलत राहतो, भेगा पडणारच. सोपा नियम, खालचे थर टर्पेंटाइनचे पातळ, वरचे तेलाचे, आणि लवकर वाळणारा खाली.

कूलरचंही थोडं आहेच, कापड दमटपणानं सैल होतं, कोरड्यात ताणतं, वरचा अर्धवट वाळलेला थर त्याच्यासोबत ताणला जातो. कूलरच्या झोताच्या समोर ठेवू नका एवढंच.

छातीवरचे मेलेले डाग म्हणजे रंग बसला, खालच्या थरानं तेल शोषलं. ते सोपं आहे. रंग हाताला कोरडा लागला की शुद्ध जवसाचं तेल, म्हणजे चित्रकारांचं, थोड्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून सुती कापडानं अगदी पातळ चोळा, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. रंग परत उठेल. पण सुरकुत्यांना औषध नाही, पॅलेट नाइफनं खरवडून काढा.

आणि हो, तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, ढिगाऱ्यात आपोआप पेट घेतं, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच सांभाळा. पाण्याच्या डब्यात बुडवा, झाकण लावा.

टिळा_माळ: मुळात देवाला मॉडेल लागतंच काहून? मूर्ती समोर असताना घरातल्या पोराला सोवळं नेसवून विटेवर उभं करायचं, मला नाही पटत. राग मानू नका.

कुंचलेवाली: टिळा_माळ, राजा रवि वर्मानं पण माणसंच समोर बसवली की, आणि 1894 ला घाटकोपरला छापखाना काढून त्याच लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवल्या. आपल्या आज्यांनी त्यांनाच हळदकुंकू वाहिलं. मॉडेल हा प्रॉब्लेम नाही.

धागाकर्ते दादा, तुम्ही चुकीच्या जागी दुरुस्ती करताय. नाक डोळे सोडा. तुमच्या वर्णनात एकच वाक्य महत्त्वाचं आहे, पोरगं दर दहा मिनिटाला कंटाळायचं. कंटाळलेला माणूस काय करतो? एका पायावर भार टाकतो, एक ढुंगण वर जातं, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. तुम्ही इमानदारीत तेच रंगवलंत. आईंनी बस स्टॉप बरोबर ओळखला! विठोबा समचरण आहे, दोन्ही पाय जुळलेले, दोन्हीवर सारखा भार, खांदे एका रेषेत. चित्रावर नाकापासून पायापर्यंत एक उभा दोरा धरून बघा, किती सरकलाय ते दिसेल.

आणि हात. कमरेवर हात ठेव म्हटलं की आजचा माणूस बोटं पुढे अंगठा मागे करून हवालदारासारखा उभा राहतो. पंढरपूरच्या मूर्तीच्या डाव्या हातात शंख आहे आणि उजव्या हातात कमळाचा देठ, त्यामुळे पंजे दरडावल्यासारखे दिसत नाहीत, नुसते टेकलेले. शिवाय जिवंत माणूस साधारण स्वतःच्या डोक्याच्या साडेसात पट उंच, मूर्ती तशी नाही, भरीव आणि आखूड मानेची आहे. भाच्याची मान लांब असेल तर कमी करा, त्याला सांगू नका.

काराव्हाज्यो या जुन्या इटालियन चित्रकाराचं एक सांगते. रोममधल्या सान लुईजी चर्चसाठी त्यानं 1602 च्या सुमारास संत मॅथ्यू काढला, खेडवळ माणूस, पायावर पाय टाकून बसलेला, उघडं पाऊल बघणाऱ्याच्या तोंडावर. नापसंत झाला. मग दुसरा करून दिला, तो आजही तिथेच आहे. त्यातही म्हातारा खराच माणूस आहे, कपाळावरच्या आठ्यांसकट, पण बसणं बदललं, अंगावर भरघोस वस्त्र आलं. पहिलं चित्र 1945 मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झालं. म्हणजे चेहरा गुळगुळीत करायची गरज नसते.

जवसतेल: हेच म्हणणार होतो. काळ्याबद्दल राहिलं. आयव्हरी ब्लॅक बंद करा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा, जवळजवळ काळा होतो, उजेडाकडे निळा जास्त घ्या, सावलीत अंबर जास्त. अंगाच्या मधल्या छटेत पांढरा घालायचा नाही, त्यानंच राख दिसते, तिथे थोडा गेरू नाहीतर ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. पांढरा फक्त शेवटी, चमकेच्या ठिपक्याला, तोही निळसर. काळ्या दगडाला तेल लावलेलं पाहिलंय ना, मोठा उजेड नसतो, बारीक आणि तीक्ष्ण असतो. आणि कोपराच्या आतल्या बाजूला पितांबराचा पिवळा परतून पडतो, तो एक पट्टा नक्की द्या, अंग एकदम गोल होईल.

आषाढीचं म्हणाल तर पूर्ण रंगीत विसरा. नवीन कॅनव्हासवर फक्त अंबर आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ एकरंगी करा, दोन-तीन दिवसात कोरडं. तेच आईंना द्या, रंग नंतर सावकाश चढवा.

बर्डीवाला: डोळ्यांसाठी चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, चक्कर मारा भाऊ, या दिवसात गणपतीचं काम सुरू असतं. डोळे आखणारा माणूस श्वास रोखून एका दमात रेघ ओढतो, पाहण्यासारखं आहे. आता मी गंभीर झालो, माफ करा.

धागाकर्ता: सगळ्यांचे लय आभार. दोरा धरून पाहिला, नाकाचा दोरा डाव्या टाचेच्या बाहेर पडून राहिला, म्हणजे ताईंनी चित्र न बघता पकडलं. जुना कॅनव्हास खरवडला, तीन तास लागले, खालचा रंग अजून लोण्यासारखा होता. बोळे पाण्यात टाकले, आधीचे गच्चीवर कोपऱ्यात गोळा करून ठेवले होते ते पण, वाचून घाम फुटला.

टिळा_माळ, राग नाही. आईला विचारलं, ती म्हणे पोट्ट्याला आधी आंघोळ करून उभा कर.

धागाकर्ता: अपडेट. रविवारी भाच्याला परत उभं केलं. डाव्या हातात देवघरातला शंख, उजव्यात कमळाच्या देठाऐवजी गुंडाळलेला पेपर, टाचा जुळवून. सरळ उभं राहणं इतकं कठीण असतं हे त्याला पण माहीत नव्हतं, चार मिनिटांच्या वर टिकेना, मग चार मिनिटं उभा आणि पाच मिनिटं मोबाइल असं दुपारभर चाललं. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, मध्येच म्हणे हनुवटी थोडी खाली घे रे, आणि ते बरोबर होतं.

बुधवारी अंबरमधला पूर्ण झाला. चितारओळीत जाऊन आलो होतो, तरी डोळ्यांची रेघ एका दमात नाहीच जमली, चार दम लागले. गच्चीवर नेला नाही, कूलरपासून लांब बैठकीत भिंतीला टेकवून ठेवलाय. आईनं चांगला वाईट काहीच म्हटलं नाही. पण काल सकाळी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन त्याच्यासमोर आली आणि बोट बुडवलं, मी किचनमधून ओरडत धावलो, आई थांब, ओला आहे अजून!