मदत हवी आहे: मित्रासोबत ६५-३५ हिश्श्याने जुनी इमारत घेतोय

नमस्कार मंडळी. विलेपार्ले पूर्वेला तळमजला अधिक एक अशी जुनी इमारत विकायला आहे. चार ब्लॉक. दोन रिकामे, दोनांत पागडीवाले भाडेकरू (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारे). मी आणि शाळेपासूनचा मित्र मिळून घेतोय. पैसे त्याचे ६५ टक्के, माझे ३५.

वकील म्हणाले, खरेदीखतात नुसती दोन नावं नकोत, हिस्से टक्क्यांत लिहा. पटलं. मुद्रांक शुल्क ६ टक्के आणि नोंदणी फी ३० हजार, तेही हिश्श्यानेच भरू.

घोडं अडलंय पुढे. वरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये मी राहायला जाणार, खालचा तो भाड्याने देणार. म्हणजे वापर निम्मा-निम्मा, मालकी मात्र ६५-३५. मग फरकाचं भाडं मी त्याला द्यायचं का? आणि गच्ची? परवा बघायला गेलो तर टाकीखालचा पिंपळ मनगटाएवढा जाड झालेला, आणि माझ्याच होऊ घातलेल्या छताला ओल. मित्र म्हणतो, "गच्चीचा खर्च निम्मा-निम्मा, गच्चीखाली राहणार तूच." माझ्या मते दुरुस्ती हिश्श्यानेच व्हावी. (चहा पिताना हसत बोललो, पण दोघांच्याही लक्षात राहिलंय.)

एकाला बाहेर पडायचं झालं तर आधी दुसऱ्याला विचारायचं, असं करारात घालतोय. त्याला मुदत किती द्यावी? पागडीची भाडेपावती कोणाच्या सहीने?

असा व्यवहार केलेलं कोणी आहे का? "विश्वास ठेवा" सोडून काहीही सांगा, तो आहेच.