फ्रीबीएसडी (ऑपरेटिंग सिस्टम) १४.३ सोर्समधून बिल्ड करायचंय: रॅम घेऊ की एसएसडी? (बजेट २५०० रुपये)

अमळनेरी: तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्डडिस्क, सध्या १४.२. लॅबसाठी आपला कर्नल (सिस्टमचा गाभा) घातलेली पेनड्राइव्ह इमेज पाहिजे. 'मेक -जे४ बिल्डवर्ल्ड' (कर्नल सोडून बाकी सिस्टम, चार कामं एकदम) क्लँग कंपायलर बांधण्यापाशी 'किल्ड' होऊन पडतं. दुपारी लाइट जाते, हेही धरा.

भुसावळ_४७: २५०० मध्ये काय होतं भो? रायझन ५, १६ जीबी, एनव्हीएमई घे. माझ्याकडे तेच आहे, बघायला लागत नाही.

तापीकाठ: बजेट वाचा की दादा. 'किल्ड' म्हणजे मेमरी संपली. -जे२ करा, ८ जीबी स्वॅप (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) द्या. पण खरी मेख वेगळीच: १४.२ चा क्लँग १८, १४.३ चा १९. आवृत्ती जुळत नाही म्हणून बिल्डवर्ल्ड आधी नवा कंपायलर बांधतं, मग त्यानेच सगळं, क्लँगसकट. म्हणजे क्लँग दोनदा. आधी फ्रीबीएसडी-अपडेटने मशीन १४.३ वर न्या, पहिली फेरी वाचेल.

भरीत_पार्टी: एसएसडीच घ्या, हार्डडिस्कवर कुठे बिल्ड करतात!

तापीकाठ: क्लँगला सीपीयू लागतो, डिस्क नाही. स्वॅपवर गेलं तरच डिस्क रडते. /ईटीसी/एसआरसी.कॉन्फ मध्ये विदाउट_एलएलव्हीएम_टार्गेट_ऑल=यस टाका, बाकीच्या प्रोसेसरांचा कोड गळतो. विदाउट_टूलचेन मात्र नको, लॅबच्या मशीनवर सीसी म्हणजे कंपायलरच राहणार नाही.

भरीत_पार्टी: फाइल सिस्टम झेडएफएस असेल तर तिची एआरसी (रॅममधली कॅशे) ५१२ एमबीवर बांधा. ४ जीबीत झेडएफएस हा शौकच आहे म्हणा.

भुसावळ_४७: झेडएफएसला नावं ठेवू नका. यूएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टमवर लाइट गेली की काय होतं ते बघा.

केळीबाग: यूएफएसवर लाइट गेली की ० बाइटच्या .ओ फायली (कंपाइल झालेले तुकडे) उरतात. मेकला त्या ताज्या दिसतात, मग लिंकिंगला, म्हणजे तुकडे जोडताना, 'अनडिफाइन्ड सिम्बॉल'. /यूएसआर/ऑब्ज मध्ये फाइंडने -साइझ ० शोधून उडवा, मग -डीनो_क्लीन (आधीचं बांधलेलं पुसू नको) देऊन पुढे चालू. आणि मदरबोर्डचा सीआर२०३२ सेल बघा. तारीख मागे गेली तर गिट क्लोन 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' म्हणतं आणि मेक फायली भविष्यातल्या समजतो.

भुसावळ_४७: यूपीएस घे सरळ. बॅटरी मात्र वैशाखात बसते, आमच्याकडे टिकतच नाही.

नवापूरकर: रॅम घ्या.

तापीकाठ: क्रम: गिट क्लोन, शाखा रेलएनजी/१४.३, --डेप्थ १. मग बिल्डवर्ल्ड, मग बिल्डकर्नल केईआरएनकॉन्फ=लॅब (लॅब हे आपल्या कर्नलच्या कॉन्फिग फाइलचं नाव). त्यानंतर /यूएसआर/एसआरसी/रिलीज मध्ये रूट होऊन 'मेक रिलीज केईआरएनकॉन्फ=लॅब नोपोर्ट्स=यस नोएसआरसी=यस'. इथे केईआरएनकॉन्फ विसरलात तर तो जेनेरिक हा नेहमीचा कर्नल शोधतो. -जे फक्त बिल्डवर्ल्ड-बिल्डकर्नलला, रिलीजला नाही. मेमस्टिक.आयएमजी ही पेनड्राइव्ह इमेज ऑब्जखालच्या रिलीज फोल्डरात मिळेल. ३० जीबी मोकळी ठेवा.

अमळनेरी: तारीख खरंच रोज सकाळी २०१२ दाखवते. रॅम नाही, एसएसडी नाही. सेल घेतो, -जे१ वर रात्री लावतो, उरलेल्या पैशांचे पेनड्राइव्ह.

भुसावळ_४७: -जे१?! भाऊ, दिवाळी येईल.

नवापूरकर: रॅम घ्या म्हटलं होतं.