बदलापूर पश्चिमेला तळमजल्याचा फ्लॅट: टोकन द्यावं का?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार. गेली नऊ वर्षं आम्ही कळव्यात भाड्याने राहतोय. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, दर वेळी भाडेवाढ, आतापर्यंत चार घरं बदलून झाली. मुलगी यंदा तिसरीत गेली. आता सामान बांधायचं ते स्वतःच्या घरासाठीच, असं दोघांनी ठरवलंय. मी ठाण्याला लॅब टेक्निशियन आहे, सकाळी सातची ड्युटी. ह्यांचं काम भांडुपला.

बजेट २८ लाखांच्या आत, तेही सगळे खर्च धरून. बदलापूर पश्चिमेला स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर एक रिसेलचा वन बीएचके आवडलाय. कार्पेट ४१० फूट, तळमजला. मागच्या बाजूला थोडी मोकळी जागा आहे आणि तिथे कढीपत्त्याचं झाड. मुलगी त्या झाडापाशीच जाऊन बसली होती. मालक २५ लाखांपर्यंत यायला तयार आहे. एजंट शनिवारपर्यंत ५१,००० टोकन मागतोय.

माझं माहेर चिपळूणचं. २००५ ला आईच्या घरात पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा शिरलं. त्यामुळे मी पहिला प्रश्न नदीचाच विचारला. एजंट म्हणाला, "मॅडम, इथे पाणी कधीच आलेलं नाही." पण हॉलमधले सगळे प्लग पॉइंट माझ्या खांद्याच्या उंचीला आहेत, टीव्हीचा आणि फ्रीजचासुद्धा. फ्रीजची वायर वरून खाली लोंबतेय. ओट्याखाली ट्रॉली नाहीत, नुसता कडप्पा. आणि घर नुकतंच रंगवलेलं. हे म्हणतात, तुला सगळीकडे चिपळूणच दिसतं. मी उगाच घाबरतेय का? तिथे राहणाऱ्यांनी कृपया खरं काय ते सांगा.

कुळगावकर

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. टोकन देऊ नका, निदान मी खाली सांगतो ते बघून होईपर्यंत तरी.

मी २००८ पासून पश्चिमेला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. २००५ चं पाणी मी पाहिलेलं नाही, पण २०१९ चं पाहिलं. २६ जुलैच्या रात्री पाऊस लागला आणि २७ तारखेला उल्हास नदी आमच्या गल्लीत होती. त्याच सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या खालच्या घरातली माणसं पहाटे जिन्याने वर आली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. पाणी ओसरल्यावर त्यांच्याबरोबर मीही खाली गेलो. फ्रीज पालथा पडलेला, प्लायवूडचा पलंग फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, आणि मुलाची दहावीची मार्कशीट ज्या फाइलमध्ये होती ती उघडायला गेलो तर कागद लगदा होऊन बोटांना चिकटला. त्यानंतर त्यांनी वायरिंग पूर्ण नवं केलं. सगळे पॉइंट वर चढवले. तुम्ही वर्णन केलंय तसेच.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना कळत नाही. बदलापुरात पाऊस थांबलेला असला तरी नदी चढत असते, कारण पाणी येतं ते वरून, घाटातून आणि कर्जत-नेरळकडून. इथे उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. जुलैत आम्ही आभाळ बघत नाही, मोबाइलवर पातळी बघतो. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोडचा सखल भाग इथे २०२१ लाही पाणी होतं.

तुम्ही काय बघायचं? एजंटला न सांगता संध्याकाळी सातनंतर जा, माणसं घरी असतात. जिन्याखालची भिंत बघा, तिथे कोणी नवा रंग देत नाही, डाग राहतोच. मीटरची पेटी जमिनीपासून किती वर आहे ते बघा आणि कधी उचलली ते विचारा. बाथरूमच्या दाराची चौकट खालून दाबून बघा. मग पहिल्या मजल्याची बेल वाजवा. पहिल्या मजल्यावरच्या माणसांना सगळं ठाऊक असतं, कारण तळमजला त्यांच्याकडेच आश्रयाला जातो. शिवाय नगर परिषदेत पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

बदलापूर सोडू नका मात्र. मला हे गाव मनापासून आवडतं. फक्त तळमजला नको, खाली स्टिल्ट पार्किंग (म्हणजे तळाला घरं नाहीत, नुसते खांब आणि गाड्या) असलेली बिल्डिंग बघा.

कर्जत_लेडीज

अगं, नदीचं कुळगावकरांनी सांगितलंच. मी गाडीचं सांगते. कळव्याहून ठाणं म्हणजे एक स्टेशन, तुला आत्ता त्याचं काही वाटत नसेल. इथून पाऊण-एक तास धर. कर्जत-खोपोलीच्या गाड्या भरूनच येतात, बदलापूरहून सुटणारी पकडायची सवय लाव. सातची ड्युटी आहे, म्हणजे अंधारातच निघशील. म्हणून स्टेशनपासूनचा रस्ता पहाटे एकदा स्वतः चालून बघ. दिवे आहेत का, कुत्री किती, रिक्षा मिळते का. मी घर घेताना हे बघितलं नाही आणि पहिले सहा महिने नवऱ्याला रोज सोबत यावं लागलं.

आणि मुलीला शाळेतून कोण आणणार ते आधी ठरव. जुलैत अंबरनाथ-बदलापूरमध्ये रुळांवर पाणी आलं की आपण दोघंही तिकडेच अडकतो. माझ्या मुलाला अशा दिवशी शेजारच्या काकूंनी जेवू घालून झोपवलंय. शेजार चांगला असणं फार महत्त्वाचं आहे गं.

फाइलवाला

गृहकर्जाच्या फाइली बघणं हे माझं रोजचं काम. रिसेल आहे म्हणून जीएसटी लागणार नाही. घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पतीचं नाव घातलं की ती जाते. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करण्याचे पैसे, २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही.

टोकनआधी आधीच्या सगळ्या करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा नगर परिषदेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, यांच्या झेरॉक्स मागा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर तिथेच थांबा. टोकन चेकनेच द्या, आणि पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम परत" असं लिहून घ्या.

वाशिष्ठीकाठची

सगळ्यांचे खूप आभार. गुरुवारी ड्युटी संपल्यावर एकटीच गेले. जिन्याखाली, सायकलींच्या मागे, भिंतीवर मातकट रेघ आहे. माझ्या कमरेच्या वर येते. मी हात लावला तर बोटाला बारीक भुकटी लागली. ती भुकटी मला लहानपणापासून माहीत आहे.

पहिल्या मजल्यावर एक आजी भेटल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "खालचं बघायला आलीस ना? बस, पाणी घे." २०१९ ला खालची चार माणसं त्यांच्याकडे तीन दिवस होती. आजींनी सांगितलं, मालक वाईट नाही, त्यालाही कुणीतरी असंच विकलं होतं. मला राग आला होता, तो तिथे ओसरला. पण टोकन दिलं नाही.

रविवारी पूर्वेला एक घर बघितलं. तिसरा मजला, खाली पार्किंग, कार्पेट ३७५. स्टेशनला शेअर रिक्षा करावी लागेल. कागद मागितलेत, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत उद्या मिळणार आहे. ती बघूनच पुढे जाऊ. बुधवारी पहाटेची गाडी पकडून बघणार आहोत, मी आणि हे दोघंही. आणि निघताना आजींनी कढीपत्त्याचं एक रोप उपटून दिलंय. सध्या कळव्याच्या खिडकीत डब्यात लावलंय.