कोरोनाकाळातले निर्णय तुमच्या दारात कसे पोचले? विदर्भातल्या खेड्यांचे अनुभव लिहा

टाळेबंदी करावी की नाही, लोकांना रोख पैसे द्यावेत की कर्ज, लस केंद्राने विकत घ्यावी की राज्याने. त्या काळात टीव्हीवर रोज रात्री हेच वाद चालायचे. 24 मार्च 2020 ला रात्री आठला घोषणा झाली आणि बारापासून देश बंद. त्या चर्चांत कापूस, मिरची तोडणी, आठवडी बाजार हे शब्द मला क्वचितच ऐकू आले. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहे. माझं मत आधीच सांगतो: बंदी लागणारच होती, पण ‘अत्यावश्यक’ काय ते ठरवताना शेतीचा हंगाम कोणी विचारात घेतला नाही. तुम्हाला हे पटत नसेल तर तसंही लिहा. कोणता निर्णय तुमच्या घरापर्यंत आला आणि मग काय झालं, एवढं सांगा.

कास्तकार, केळापूर तालुका, यवतमाळ
मार्चअखेर घरात 40 क्विंटल कापूस पडून होता. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 5,550. टाळेबंदीत सीसीआय (केंद्राचं कापूस महामंडळ) आणि राज्याच्या कापूस पणन महासंघाची खरेदी थांबली. एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली, पण बाजार समितीत नाव नोंदवा, फोनची वाट पाहा, दिवसाला मोजक्याच गाड्या. माजघरात कापूस आढ्याला टेकलेला. ऊन तापलं की साठवलेल्या कापसातून बारीक किडे निघतात आणि अंगभर खाज सुटते. धाकटीच्या मांड्या-पोटऱ्यांवर लाल पुरळ उठला होता. बायको रात्री खोबरेल लावायची आणि पोरगी झोपेतही खाजवत राहायची. शेवटी आम्ही सगळे अंगणात झोपायला लागलो. घरात राहा, असं रोज रेडिओवर सांगत होते.

मे संपत आला तशी बियाण्याची घाई झाली. 12 क्विंटल खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, 4,200 नं दिला. क्विंटलमागे 1,350 गेले, म्हणजे 16,200 रुपये. उरलेला जूनमध्ये जिनिंगवर नेला, त्याला हमीभाव मिळाला. त्याच दिवसांत 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं, त्यात कर्जाचाच भाग मोठा. मले कर्ज नको होतं. माह्या वावरातला माल काट्यावर मोजून घेणारा माणूस पाहिजे होता.

अचलपूर तालुका, अमरावती
केळापूरच्या दादांचं नुकसान कळतं, आमच्याही घरी कापूस होता. पण माझं म्हणणं उलटं आहे. आमच्याकडे 2021 ची बंदी उशिरा आली. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. प्रचारात घरोघर बैठका, निकालाच्या दिवशी गुलाल, जेवणावळी. मग लगीनसराई. अमरावती शहर आणि अचलपूरमध्ये टाळेबंदी लागली 22 फेब्रुवारीला. तोवर बाबांना ताप येऊन चार दिवस झाले होते. आठवड्याने गेले. तेव्हा व्यापारी म्हणत होते, दुकानं बंद करू नका, पोट कसं भरायचं. त्यांचं खोटं नव्हतं. पण निवडणूक पुढे ढकलली असती तर कोणाचं पोट मारलं गेलं असतं? हा प्रश्न मी आजही गावात विचारते आणि लोक विषय बदलतात.

रेशन दुकानदार, भंडारा जिल्हा
चांगलंही लिहिलं पाहिजे. माणशी 5 किलो मोफत धान्य आलं आणि आमच्या गावात त्या उन्हाळ्यात कोणी उपाशी झोपलं नाही. मात्र कार्ड नसलेल्या चार घरांना मला रिकाम्या हाताने परत पाठवावं लागलं.

आशा सेविका, धारणी तालुका, मेळघाट
‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ 15 सप्टेंबर 2020 ला सुरू झालं. ऑक्सिमीटर घेऊन आम्ही दारोदार फिरायचो. बोटाला चिमटा लावला की म्हाताऱ्या घाबरायच्या, म्हणून आधी माझ्या बोटाला लावून दाखवायचे, मग कोरकूत समजवायचे. लसीची भीती तर फारच. घेतली की माणूस मरतो, असं पाड्यापाड्यात पसरलं होतं.

मे 2021 मध्ये 18 ते 44 वयाच्या लोकांना लस आली, पण मोबाइलवर नाव नोंदवल्याशिवाय नाही. आमच्याकडे रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. आमच्या केंद्रावर शहरातून गाड्या भरून पोरं आली, लस घेऊन गेली आणि आमचे लोक ओसरीतून बघत बसले. ज्यांचं मन वळवायला मी दोन महिने घालवले, ते म्हणाले, बाई, ही लस आमच्यासाठी नाहीच. तेव्हा तीच कोविशील्ड लस केंद्राला 150, राज्याला 300 आणि खासगी दवाखान्याला 600 रुपयांत होती. 21 जूनपासून केंद्र 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी राज्यांना लस फुकट द्यायला लागलं, तेव्हा मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.

या सगळ्या कामाचा केंद्राचा कोविड भत्ता महिन्याला 1,000 रुपये, म्हणजे दिवसाला 33. जून 2021 मध्ये आम्ही राज्यभर संप केला तेव्हा गावातल्याच एकाने विचारलं, साथीत संप शोभतो का? मी त्याला माझी फाटलेली चप्पल दाखवली.

बचत गट, चंद्रपूर जिल्हा
आमच्या जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती. तिच्यासाठी बाया चिमूरहून नागपूरला पायी गेल्या होत्या. 27 मे 2021 ला, दुसरी लाट सुरू असतानाच, मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदीमुळे अवैध दारू आणि गुन्हे वाढले, असं कारण दिलं. चोरटी दारू होती, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा चार बाया सभेसाठी एकत्र बसलो तर गुन्हा दाखल होण्याची भीती होती. ज्या निर्णयावर आम्ही वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तो आम्हाला घराबाहेर पडता येत नव्हतं त्या महिन्यात बदलला गेला. मला याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

सिंदेवाही परिसर, चंद्रपूर जिल्हा
आमचे 17 जण तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. बस नाही, रेल्वे नाही. सहा दिवस चालत आले. गावाने 14 दिवस शाळेत ठेवलं. मजुरीत मिळालेली मिरची वर्गात पोत्यांनी भरलेली, रात्रभर खोकला, आणि बाहेरचे लोक खोकला ऐकून घाबरायचे. आई सांगते, गावच्या हद्दीत आपलीच माणसं काठ्या घेऊन उभी दिसली तेव्हा ती रडली. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी काही समजावूनच सांगितलं नव्हतं. नंतर रोजगार हमीचं काम निघालं, 238 रुपये रोज, तेव्हा तेच काठीवाले आणि माझी आई एकाच तळ्यावर माती काढत होते.

गोंदिया जिल्हा
एप्रिल 2021 मध्ये मोठा भाऊ घरीच वारला. श्वास लागला होता. तालुक्यात खाट नव्हती, नागपूरला न्यायला गाडी मिळाली नाही. चाचणी झालीच नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली आदिवासी भागात 20,000 लोकसंख्या असावी असा नियम आहे, प्रत्यक्षात डॉक्टर एक, आणि त्या आठवड्यात तोही आजारी. पुढे सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने मृताच्या घरच्यांना 50,000 रुपये द्यायचं ठरलं. वहिनीने अर्ज केला. कागद मागितला: चाचणीचा अहवाल, नाहीतर कोविड असल्याचं डॉक्टरचं लिखाण. दोन्ही नाही. मृत्यूच्या दाखल्यात कोविड नाही. अपील करा म्हणाले. तीन वेळा गोंदियाला गेलो, दर वेळी वहिनीची दिवसाची मजुरी बुडाली. चौथ्यांदा ती म्हणाली, भाऊजी, राहू द्या, धानाची रोवणी आहे. तो अर्ज, भावाचं आधार कार्ड आणि तापाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट अजून एकाच पिशवीत आहे, फळीवर.